सायक्लोफॉस्फमाइड : निवड रेणूची की पेशीची?

केमोथेरपी म्हणजे विष, असे कोणी म्हटले तर त्याला खोटे पाडायला जाऊ नये. सायक्लोफॉस्फमाइड ज्या घराण्यातले आहे त्या घराण्याचा मूळपुरुष मस्टर्ड वायू आहे. जुलै १९१७ मध्ये बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने तो प्रथम वापरला. कातडीवर फोड, डोळ्यांची आग आणि फुप्फुसांची जळजळ हे परिणाम सर्वांना दिसत होते. १९१९ मध्ये क्रुम्भार दांपत्याने मात्र दुसरीच गोष्ट नोंदवली : या वायूने मेलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि अस्थिमज्जा रिकामी पडली होती. दुसऱ्या महायुद्धात येल विद्यापीठातल्या लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी याच निरीक्षणाचे दुसरे टोक पकडले. निरोगी लसिका पेशी या विषाने वितळत असतील तर लसिका ग्रंथींचा कर्करोगही वितळेल का? वायूतल्या गंधकाच्या जागी नायट्रोजन घातलेला, शिरेतून देता येईल असा पदार्थ त्यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये लिम्फोसारकोमाच्या एका रुग्णाला दिला. गाठी विरल्या, थोड्याच आठवड्यांत परत आल्या आणि डिसेंबरमध्ये तो रुग्ण वारला. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे हे काम १९४६ पर्यंत छापले गेले नाही. इटलीतल्या बारी बंदरात २ डिसेंबर १९४३ रोजी जॉन हार्वी या जहाजावरचे मस्टर्ड बॉम्ब फुटले आणि त्या अपघातातून केमोथेरपी जन्मली, ही कथा पुष्कळदा सांगितली जात असली तरी कालक्रमात बसत नाही. येलचा पहिला रुग्ण बारीच्या वर्षभर आधीचा आहे.

तेव्हा विष हा शब्द मान्य. त्या शब्दातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. विष आहे म्हणजे ते आंधळे आहे, चांगल्या-वाईट पेशी सारख्याच कापत सुटते आणि रुग्ण वाचला तर नशिबाने वाचतो, असा तो निष्कर्ष. त्याच्या उलट टोकाला, औषध कर्करोगाची पेशी ओळखून तिलाच मारते, असे सुखावणारे उत्तर दिले जाते. सायक्लोफॉस्फमाइडच्या बाबतीत दोन्ही चूक आहेत. हा रेणू काहीही ओळखत नाही. तरीही त्याच्या वापरात निवड होते. ही निवड पेशी करते, म्हणजे झालेल्या जखमेचे पेशी काय करते त्यावर ती ठरते. डॉक्टरांच्या हाती मात्रा, वेळ आणि जागा एवढ्याच गोष्टी असतात आणि या औषधाचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे त्या तीन गोष्टी शिकण्याचा इतिहास आहे.

आधी जखम कशी होते ते पाहू. या घराण्यातल्या रेणूंना क्लोरीन लावलेले दोन छोटे कार्बनी हात असतात. शरीरातल्या पाण्यात हातावरचा क्लोरीन सुटतो, क्षणभर एक अस्थिर, धनभारित तिकोनी कडे तयार होते आणि समोर येईल त्या इलेक्ट्रॉनसंपन्न अणूला ते चिकटते. असा कार्बनी गट दुसऱ्या रेणूला जोडण्याच्या क्रियेला अल्किलीकरण म्हणतात. पेशीत चिकटायला जागा पुष्कळ आहेत : प्रथिने, ग्लुटाथायोन, साधे पाणीसुद्धा. पण महागात पडते ती जागा एकच, डीएनएतल्या ग्वानिनचा सातव्या क्रमांकाचा नायट्रोजन. एक हात इकडच्या पदरातल्या ग्वानिनला, दुसरा हात समोरच्या पदरातल्या ग्वानिनला, असे झाले की दोन्ही पदरांना मिळून टाका बसतो. विभागण्याआधी पेशीला हे पदर उलगडून त्यांची नक्कल काढायची असते. नक्कल काढणारी यंत्रणा टाक्यापाशी येते आणि अडते. एकूण चिकटण्यांपैकी असे टाके थोडेच असतात, पण मारक तेच. याचा पुरावा डीएनएची रचना कळण्याच्या आधीचा आहे. लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत अलेक्झांडर हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस एकच हात असलेले आणि दोन हात असलेले रेणू शेजारी ठेवून तपासले. एकहाती रेणूंचा गाठीवरचा परिणाम फारच दुबळा निघाला. नुसते चिकटणे पुरत नव्हते, दोन गोष्टी एकमेकींना बांधणे आवश्यक होते. कोणत्या दोन गोष्टी, ते १९५३ नंतर स्पष्ट झाले.

आता खरा प्रश्न. हा टाका निरोगी पेशीतही बसतो, मग ती का वाचते? शाळा-कॉलेजात दिले जाणारे उत्तर असे, की केमो भरभर विभागणाऱ्या पेशींना मारते आणि कर्करोगाच्या पेशी भरभर विभागतात. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग झपाट्याने पसरतो, पण सायक्लोफॉस्फमाइडला दाद देत नाही. उलट फॉलिक्युलर लिम्फोमा वर्षानुवर्षे संथ वाढतो आणि तरीही या गटातल्या औषधांपुढे चटकन विरघळतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, बहुतेक गाठींपेक्षा वेगाने, आणि तरीही केमोनंतर ते अस्तर पुन्हा उभे राहते. वेगाने सगळे ठरत असते तर असे झाले नसते. ठरवणाऱ्या गोष्टी दोन : टाका उसवण्याची पेशीची ताकद आणि उसवता आला नाही तर मरायची तिची तयारी. पहिल्या गोष्टीचा सर्वांत स्वच्छ पुरावा निसर्गानेच मांडून ठेवला आहे. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजारात डीएनएचे दोन पदर जोडणारे टाके उसवणारी यंत्रणाच जन्मतः नादुरुस्त असते. अशा मुलांची अस्थिमज्जा निकामी होते आणि प्रत्यारोपण करावे लागते. इतर रुग्णांना प्रत्यारोपणाआधी शरीराच्या दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फमाइड दिले जाई. तीच मात्रा या मुलांना जीवघेणी ठरली. पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी १९८० च्या दशकात ती जवळपास दहाव्या हिश्शावर आणली, तेव्हा ही मुले प्रत्यारोपण सोसू लागली. औषध तेच, लक्ष्य तेच, फक्त पेशीची दुरुस्तीची क्षमता वेगळी आणि सुरक्षित मात्रेत दहापट फरक. दुसऱ्या गोष्टीसाठी लसिका पेशींकडे पाहावे. या पेशी स्वभावानेच मरायला तयार असतात, कारण रोगप्रतिकार यंत्रणा लाखो नको असलेल्या पेशी रोज मोडीत काढते. डीएनएवर टाका बसला, नक्कल अडली, पी-५३ सारख्या प्रथिनांनी धोक्याची सूचना दिली, की त्या फारसा विचार न करता आत्मनाश पत्करतात. त्यांच्यापासून झालेला कर्करोग हा स्वभाव पुष्कळदा जपून ठेवतो. युगांडात कंपाला येथे काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यातल्या ज्या लिम्फोमाचे वर्णन १९५८ मध्ये केले, त्यातल्या काही मुलांच्या गाठी सायक्लोफॉस्फमाइडच्या एक-दोन मात्रांतच कायमच्या गेल्या, ते यामुळे.

इथे जाणकार वाचक एक आक्षेप घेईल. मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी वापरले जाणारे टेमोझोलोमाइड हेही अल्किलीकरण करणारेच औषध आहे, पण त्याला दोन हात नाहीत. ते ग्वानिनला फक्त एक मिथिल गट चिकटवते. टाका नाही, तरी ते काम करते. मग टाक्याचा सिद्धांत कुठे गेला? सिद्धांत मोडत नाही, उलट त्यामागचे मोठे विधान बळकट होते. टेमोझोलोमाइडचे मारक चिकटणे सातव्या नायट्रोजनवरचे नसून सहाव्या क्रमांकाच्या ऑक्सिजनवरचे असते आणि तो मिथिल गट उपटून काढणारे एक प्रथिन पेशीत असते, एमजीएमटी. काही गाठींमध्ये या प्रथिनाचे जनुक मिटून ठेवलेले असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातल्या चाचणीत, ज्या रुग्णांच्या गाठीत ते जनुक मिटलेले होते त्यांचे मध्यक आयुष्य केवळ रेडिएशनवर १५.३ महिने आणि टेमोझोलोमाइड जोडल्यावर २१.७ महिने होते. ज्यांच्या गाठीत ते उघडे होते त्यांच्या बाबतीत हेच आकडे ११.८ आणि १२.७ होते, म्हणजे फरक जेमतेम. जखमेचा प्रकार बदलला, पण निकाल दुरुस्तीनेच लावला.

सायक्लोफॉस्फमाइडकडे परत येऊ, कारण त्याची जन्मकथा या युक्तिवादासाठी जणू मुद्दाम घडलेली आहे. जर्मनीत बीलेफेल्डजवळ आस्टा नावाच्या कंपनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि त्यांचे सहकारी नायट्रोजन मस्टर्डला लगाम घालू पाहत होते. त्यांची कल्पना अशी : मस्टर्डचे दोन हात फॉस्फरसच्या एका कड्याला बांधून निष्क्रिय करायचे. गाठीत फॉस्फरस-नायट्रोजनचा बंध तोडणारी विकरे जास्त असतात असे तेव्हा मानले जाई, त्यामुळे बंध फक्त गाठीत तुटेल आणि विष नेमके तिथेच मोकळे होईल. रेणूच निवड करेल, असा तो बेत होता. १९५८ मध्ये आर्नोल्ड, बुर्सो आणि ब्रॉक यांनी नव्या पदार्थाची माहिती प्रसिद्ध केली, लगेच तो रुग्णांपर्यंत गेला आणि १९५९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. औषध उत्तम निघाले. बेत मात्र साफ चुकला होता. परीक्षानळीत कर्करोगाच्या पेशींवर सायक्लोफॉस्फमाइड ओतले तर काहीच होत नाही. ते जागे होते यकृतात, सायटोक्रोम पी-४५० या विकरांच्या हातून. म्हणून ते गोळीच्या रूपातही चालते, कारण आतड्यातून शोषलेली गोळी आधी यकृतातच जाते. विज्ञानाच्या इतिहासात चुकीच्या सिद्धांतातून आलेली चांगली औषधे अनेक आहेत. पण इतक्या नेटक्या सिद्धांताचा इतका नेटका पराभव क्वचित दिसतो.

मग प्रश्न उरतो : यकृतात जागे झालेले विष यकृतालाच आधी का खात नाही? इथे पेशीची निवड सर्वांत स्पष्ट दिसते. यकृतातून जे बाहेर पडते ते अजून पूर्ण विष नसते. अल्डोफॉस्फमाइड नावाची ती मधली अवस्था असते आणि ती पेशींच्या आवरणातून सहज आत-बाहेर करते. आत गेल्यावर तिच्यापुढे दोन वाटा असतात. पेशीत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर भरपूर असेल तर ते तिचे निरुपद्रवी आम्लात रूपांतर करते आणि गोष्ट तिथेच संपते. ते विकर तोकडे असेल तर ती आपोआप फुटते आणि दोन तुकडे होतात, टाके घालणारे फॉस्फोरामाइड मस्टर्ड आणि अॅक्रोलीन. यकृताच्या पेशींत, आतड्याच्या अस्तरात आणि विशेष म्हणजे रक्त घडवणाऱ्या मूलपेशींत हे विकर विपुल असते. लसिका पेशींत ते कमी असते. केमोनंतर पांढऱ्या पेशींचे काउंट कोसळतात आणि तरीही पुन्हा वर येतात, कारण मरतात त्या घडत असलेल्या पेशी. त्यांना घडवणाऱ्या मूलपेशी वाचतात. ब्रॉकना जी निवड गाठीत हवी होती ती निरोगी पेशींत सापडली, तीही त्यांनी न योजलेली.

या न योजलेल्या गुणाचा सर्वांत हुशार उपयोग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झाला. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला पूर्ण जुळणारा दाता लागतो. भाऊ-बहीण असतील तरी त्यांतला प्रत्येक जण पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि कुटुंबे लहान होत चालली तशी असा दाता घरात मिळण्याची शक्यता आणखी घटली आहे. अर्धे जुळणारे मात्र जवळपास प्रत्येकाला मिळतात : आई, वडील, मूल. पण अर्ध्या जुळणीत दात्याच्या रोगप्रतिकारक टी-पेशी रुग्णाच्या शरीरावर तुटून पडतात. हॉपकिन्समधल्या संशोधकांनी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी भरघोस सायक्लोफॉस्फमाइड द्यायचे ठरवले. ऐकायला हे वेडेपणाचे वाटते, कारण नुकत्याच दिलेल्या मूलपेशींवरच विष सोडल्यासारखे होते. पण त्या वेळी रुग्णाला परके मानून विभागायला लागलेल्या टी-पेशी सापडतात आणि विकराचे कवच असलेल्या शांत मूलपेशी निसटतात. पुढच्या अभ्यासांनी हे चित्र थोडे बदलले आहे. त्या टी-पेशी सगळ्या मरत नाहीत, बऱ्याचशा निष्प्रभ होतात आणि ज्या नियंत्रक टी-पेशी हल्ला आवरतात त्या याच विकरामुळे तगतात. तरी तर्काचा कणा तोच आहे. आज जगभर अर्ध्या जुळणीची पुष्कळशी प्रत्यारोपणे या दोन दिवसांच्या औषधावर उभी आहेत.

फुटलेल्या रेणूच्या दुसऱ्या तुकड्याकडेही पाहिले पाहिजे. अॅक्रोलीन म्हणजे तेल फार तापून धूर सुटला की डोळे चुरचुरवणारा तोच पदार्थ. तो लघवीत उतरतो, मूत्राशयात साचतो आणि तिथले अस्तर सोलून काढतो. मोठ्या मात्रेनंतर लघवीतून रक्त येणे हा याचाच परिणाम. त्यावरचा उपाय ब्रॉक यांच्याच गटाने १९७० च्या दशकात पुढे आणला, मेस्ना. आक्षेप घेणारा विचारील, की विषावर उतारा दिला तर औषधाचाही उतारा होणार नाही का? होत नाही, कारण मेस्ना रक्तात गेल्यावर निष्क्रिय जोडीच्या रूपात फिरते आणि मूत्रपिंडात पुन्हा मोकळी होते. उतारा फक्त मूत्रमार्गात चालतो, गाठीपर्यंत पोचत नाही. मेस्ना मुख्यतः मोठ्या मात्रांसाठी लागते. नेहमीच्या मात्रेत भरपूर पाणी पिणे, गोळी सकाळी घेणे आणि लघवी तुंबवून न ठेवणे हेच काम करते. नर्सने सांगितलेली ही किरकोळ वाटणारी सूचना औषधाच्या रसायनशास्त्रातून थेट आलेली असते.

मात्रेचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यात वैद्यकाने दोन्ही बाजूंनी ठेचा खाल्ल्या आहेत. अमेरिकेत बर्मिंगहॅम, अलाबामा येथे हॉवर्ड स्किपर यांनी १९६० च्या दशकात उंदरांमधल्या ल्युकेमियावर दाखवले, की औषधाची एक मात्रा ठरावीक संख्येने नव्हे तर ठरावीक प्रमाणात पेशी मारते. एक घनसेंटिमीटर गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एका मात्रेने ९९.९ टक्के मेल्या तरी दहा लाख उरतात, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पण जिवंत. म्हणून औषध ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा, सायकलींमध्ये देतात. गाठ दिसेनाशी झाल्यावरही डॉक्टर औषध थांबवत नाहीत त्याचे कारण हेच. आणि दोन सायकलींमध्ये साधारण एकवीस दिवस ठेवतात, कारण सायक्लोफॉस्फमाइडनंतर काउंट सर्वांत खाली जातात दुसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्याच्या अखेरीस सावरतात. अंतर कमी केले तर मज्जा कोसळते, फार वाढवले तर गाठ सावरते. मिलानमध्ये जानी बोनाडोना यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर सायक्लोफॉस्फमाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल हे त्रिकूट देऊन पाहिले. १९७६ मध्ये छापलेल्या प्राथमिक निकालात औषध न घेतलेल्या १७९ स्त्रियांपैकी २४ टक्क्यांना आजार उलटला होता, घेतलेल्या २०७ पैकी ५.३ टक्क्यांना. पाच वर्षांनी त्यांनी मात्रेनुसार हिशेब मांडला. ठरलेल्या मात्रेच्या ८५ टक्क्यांहून जास्त मिळालेल्या गटात ७७ टक्के स्त्रिया आजारमुक्त होत्या, ६५ टक्क्यांहून कमी मिळालेल्या गटात ४८ टक्के आणि औषध न मिळालेल्या गटात ४५ टक्के. ज्यांची प्रकृती मुळात दणकट त्यांनाच पूर्ण मात्रा झेपली असेल, हा आक्षेप या हिशेबावर घेता येतो आणि तो रास्त आहे. तरी दयेपोटी कापलेली मात्रा रुग्णाला त्रास देते आणि फायदा देत नाही, एवढी शंका घेण्याइतका तो पुरावा पुरेसा आहे.

पण याच तर्काने पुढे घात केला. थोडे जास्त चांगले, तर खूप जास्त आणखी चांगले, असे मानून १९९० च्या दशकात अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या हजारो स्त्रियांना सायक्लोफॉस्फमाइडसह प्रचंड मात्रा देऊन, काढून ठेवलेल्या स्वतःच्या मूलपेशी परत घातल्या गेल्या. खर्च नाकारणाऱ्या विमा कंपन्यांवर खटले झाले. शेवटी नीट केलेल्या तुलनात्मक चाचण्यांनी आयुष्य वाढत नाही हे दाखवले आणि त्याच सुमारास फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली एक चाचणी बनावट निघाली. १९९४ मध्ये बोस्टनच्या एका नामांकित रुग्णालयात अशाच उपचारात चार दिवसांत मिळून द्यायची मात्रा एका रुग्णाला चारही दिवस रोज दिली गेली. ती आरोग्यविषयक पत्रकार होती. हृदयाला इजा होऊन ती गेली. मज्जेला परत घातलेल्या पेशी वाचवू शकल्या असत्या, हृदयाला कोण वाचवणार? त्या घटनेनंतर अमेरिकेत केमोच्या मात्रा तपासण्याच्या पद्धती बदलल्या. प्रत्येक मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे ताडून पाहणे हा त्याचाच भाग.

नवी, नेमकी औषधे आली असताना या जुन्या विषाची गरज काय, असा प्रश्न आता विचारला जातो. उत्तर आजच्या उपचारांतच आहे. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमावर १९७० च्या दशकापासून चॉप नावाचे चार औषधांचे मिश्रण चालत आले. त्यात सायक्लोफॉस्फमाइड शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळाला ७५० मिलिग्रॅम असते आणि सोबत असते विनक्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळालेले. निसर्गातले ते सौम्य आणि कारखान्यातले ते विष, असे मानणाऱ्यांनी विनक्रिस्टिनने बधिर होणारी बोटे लक्षात घ्यावीत. १९९३ मध्ये तीन नव्या, अधिक गुंतागुंतीच्या मिश्रणांशी चॉपची तुलना झाली आणि एकही सरस ठरले नाही. २००२ मध्ये फ्रेंच चाचणीत रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड चॉपमध्ये मिळवल्यावर साठीच्या पुढच्या रुग्णांपैकी दोन वर्षांनी ७० टक्के जिवंत होते, नुसत्या चॉपवर ५७ टक्के. नेमके औषध जुन्याच्या जागी आले नाही, ते जुन्याच्या खांद्यावर उभे राहिले. सर्वांत नव्या उपचाराचेही तेच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी-पेशी काढून, बदलून परत घालण्याआधी त्याच्या शरीरातल्या जुन्या लसिका पेशी हटवून जागा करावी लागते आणि ते काम फ्लुडॅराबिनबरोबर सायक्लोफॉस्फमाइड करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. जुने असल्यामुळे ते स्वस्तही आहे आणि आपल्याकडे ही बाब दुय्यम नाही.

राहिला सर्वांत गंभीर आक्षेप : हे औषध स्वतःच कर्करोग घडवते. हे खरे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला निश्चित कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. डीएनएवरचा टाका चुकीचा उसवला गेला तर उत्परिवर्तन उरते आणि साधारण पाच ते सात वर्षांनी काहींना त्यातून ल्युकेमिया होतो. पण धोका किती आणि कशामुळे हे कळले तर वापर बदलता येतो, याचे उदाहरण कर्करोगाबाहेरचे आहे. पूर्वी वेगनर्स म्हटला जाणारा रक्तवाहिन्यांचा दाह उपचाराविना सरासरी पाच महिन्यांत जीव घेई. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँथनी फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या छोट्या गोळीवर ८५ रुग्ण ठेवले आणि १९८३ मध्ये त्यांतल्या ७९ जणांचा आजार पूर्ण शमल्याचे नोंदवले. मग याच संस्थेने किंमतही मोजली : गोळी घेतलेल्यांपैकी दहा वर्षांत ५ टक्क्यांना आणि पंधरा वर्षांत १६ टक्क्यांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचा अंदाज १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे सायक्लोफॉस्फमाइड काही महिन्यांपुरते ठेवून पुढे सौम्य औषधांवर जाण्याची रीत पडली. ल्युपसमध्ये मूत्रपिंडे बिघडतात तेव्हा दर पंधरा दिवसांनी ५०० मिलिग्रॅम, अशा फक्त सहा मात्रांची युरोपियन पद्धत आता सर्रास वापरतात. जो रुग्ण काही महिन्यांत जाणार होता त्याला वीस वर्षांनंतरचा धोका पत्करणे परवडते, तरुण ल्युपसग्रस्त मुलीला तोच हिशेब वेगळा मांडावा लागतो. तिच्या बीजांडकोशांचाही. पुढे मूल हवे असेल तर बीजांडे किंवा शुक्राणू राखून ठेवण्याची चर्चा पहिल्या सायकलच्या आधी झाली पाहिजे, नंतर ती निरर्थक ठरते. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर रुग्णाने काढावा, लाजू नये.

घरी रुग्ण असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. मात्रेनंतरचे दोन दिवस त्याची लघवी, उलटी किंवा खराब कपडे हाताळताना हातमोजे घाला, कारण औषधाचे अंश त्यांत असतात. आणि दुसऱ्या आठवड्यात, काउंट तळाला असताना, ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा आणि केमो चालू आहे हे दारातच सांगा.